शुक्रवारी बॉनेटला शॉकर बसवले

बॉनेटला टेकू देणारी लोखंडी दांडी मी नवे शॉकर बसवायच्या आधीच भंगारवाल्याला देऊन टाकली.

शॉकर म्हणजे डिकी वर उचलून धरतात ना, तसल्या गॅस भरलेल्या दोन नळ्या. आमच्या जुन्या गाडीला पुढे ते नव्हते, आणि बायकोचं मोडलेलं मनगट नुकतंच जुळलं होतं. तिची नोकरी वळ गावातल्या गोदामात. रेडिएटर इतका गळका की वाटेत पाणी घालावंच लागे. एका हातानं बॉनेट पेलून दुसऱ्यानं दांडी अडकवणं तिला जमेना. म्हणून रोज मी सोबत जायचो, बॉनेट उचलायचो आणि शेअर रिक्षानं निजामपुऱ्यात घरी परत यायचो.

"मला एकटीला कामावर जाता आलं पाहिजे," ती शेवटी म्हणाली, "नाहीतर ही गाडी विकून टाका."

रेडिएटर बदलायचा सोडून मी शॉकर का मागवले, ते विचारू नका. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस हसत हसत बसवत होता.

मी कापडाच्या लूमवर कामाला; शुक्रवारी लूम बंद. दांडी नाही हे ध्यानात आलं तेव्हा माझे दोन्ही हात बॉनेटखाली अडकलेले. शेजारचे चाचा पांढरेशुभ्र कपडे घालून नमाजाला निघाले होते.

"चाचा, जरा धरता का?"

"खंबा आधीच काढलास? मग छप्पर काय माझ्या दुआवर उभं राहणार?" म्हणत त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला आणि बॉनेट पेललं. "जल्दी कर. जुम्मा चुकला तर वर तुझंच नाव सांगीन."

शॉकरसोबत आलेल्या पट्ट्या बोल्ट मारून गाडीला बसवल्या. पण शॉकर लांब पडला. मग मी तो दाबून आखूड करायला निघालो. भिंतीला लावून दाबला, पोटाला लावून दाबला. पोट आत गेलं, शॉकर जागचा हलला नाही.

"अहो, त्याच्याशी कुस्ती काय खेळताय?" बायको दारातून म्हणाली. "चाचा, बॉनेट अजून थोडं वर घ्या."

चाचांनी घेतलं. टक, शॉकर जागेवर बसला. दुसऱ्या बाजूला टक.

"सोडू?"

"सोडा."

त्यांनी एकेक बोट काढलं. बॉनेट तिथंच! मग आम्ही ते खाली घेऊन बंद केलं आणि बायको पुढे आली. दुखऱ्या हातानं तिनं ते जरासं उचललं. अर्ध्यावर तिचा हात सुटला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉनेट आपलं आपण वर चाललं होतं, झोपलेलं जनावर सावकाश उठून उभं राहावं तसं. स्स्स, एवढाच आवाज. माझा जन्म लूमच्या खडखडाटात गेला. आमच्याकडे लोखंड हललं की भिंती हलतात. इतकं जड लोखंड इतक्या गुपचूप वर जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. चाचा "सुभानअल्लाह" म्हणाले आणि घाई विसरून म्हणाले, "फिर से कर ना." आम्ही पुन्हा केलं. मग पुन्हा. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. बायको आपल्या हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं पाण्याची बाटली घेऊन तिच्या शेजारी बसलो. तिनं गाडी सुरूच केली नाही.

"उतरा," ती म्हणाली. "तुम्हाला फक्त बॉनेटसाठी नेत होते."