मामूचं नाक

मामू कांदा कानाने भाजायचा. पातेल्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अजून पाणी हाय त्यात, बडबडतोय. गप्प झाला की समज लाल झाला." आणि वळून बघावं तर कांदा खरंच लाल. ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या चाळीस माणसांच्या कॅम्पवर सगळ्यांना ही त्याची ऐट वाटायची. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं, आणि त्यापायी तो अख्खा हिवाळा मी जीव मुठीत धरून काढला.

मामू रत्नागिरीकडचा, कॅम्पचा आचारी. मी सेफ्टी ऑफिसर, म्हणून मला हाक मारायचा "काय रे सेफ्टी". एका सकाळी दूध करपलं. मेसमध्ये माणसं नाक दाबून खोकत होती आणि मामू शांतपणे ढवळत उभा. मी जाऊन शेगडी बंद केली, तेव्हा त्याने दार लोटलं आणि हळूच सांगितलं, "तापानंतर वास गेला तो गेलाच. तीन वरसं झाली. मिठाचं तेवढं कळतं, बाकी चमच्याच्या मापावर चाललंय. पोरीचं नर्सिंगचं एक वरस राहिलंय, तेवढं होऊ दे. कोणाला बोलू नको."

मी बोललो नाही. ज्याला गॅसचा वास येत नाही तो माणूस गॅसवर चाळीस जणांचं रांधतो, हे कळवणं हेच माझं काम होतं. पण त्याऐवजी मी दिवसातून तीनदा किचनमध्ये जाऊन हुंगायला लागलो. ऑफिसकडे गॅसचा अलार्म मागितला. उत्तर आलं, येतोय, इन्शाल्ला. पुढे पुढे तर मला जिथे तिथे गॅसचा वास यायचा. खोलीत, गाडीत, जेवणाच्या ताटातसुद्धा. मामू हसायचा. "तू माझं नाक झालास रे, पण भलतंच घाबरट नाक."

दुक्मची थंडी म्हणजे वारा. तो सुटला की मामूचे गुडघे धरायचे आणि तो खिडक्या लावून घ्यायचा. अशा शुक्रवारी, सुट्टी म्हणून, तो चिली करायचा. कुणा गोऱ्या इंजिनियरने शिकवलेली. भिजवलेला राजमा, खिमा, कांदा, लसूण, टोमॅटो, जिरं, आणि गोऱ्याच्या पुडीऐवजी बायकोने पाठवलेला मसाला. सगळं एका हंडीत घालून मंद आचेवर दोन तास. "ह्यात अक्कल लागत नाय," तो म्हणायचा, "बसून राहायला लागतं फक्त." गरम खुब्जबरोबर, म्हणजे तिकडच्या रोटीबरोबर, माणसं तुटून पडायची.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मला सडकून सर्दी झाली होती. नाक पार बंद. तरी सवयीने मी किचनमध्ये जाऊन बसलो. मागच्या दारातून वारा आला, मामूने उठून दार लावलं, आम्ही गप्पा मारत राहिलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हंडी गप्प झाली. शिजलं वाटतं. चल, चहा टाकतो." त्याने लायटर हातात घेतला. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर दार उघडून आत आला आणि जागीच थांबला. "लायटर ठेव, मामू. गॅस भरलाय."

हंडीखालची आच वाऱ्याने केव्हाच विझली होती. मामूने लायटर इतक्या हळू खाली ठेवला की तो टेकल्याचं मला कळलंच नाही. मी सिलिंडर बंद केला आणि आम्ही बाहेर वाळूत आलो. भिंतीपलीकडे चाळीस माणसं जेवणाची वाट बघत बसली होती.

दुपारी मी रिपोर्ट समोर घेऊन बसलो. तारीख तेवढी लिहिली. मामू स्वतःच आला, खुर्ची ओढून बसला. "लिही. आचाऱ्याला वास येत नाय. तीन वरसं लपवलं." मी लिहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला ठाऊक होतं ते लिहू नको. तुझीपण पोरं हायत." मी तेही ऐकलं.

आठवड्यात त्याला घरी पाठवलं. जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. पोरीच्या त्या वर्षाचं काय झालं हे फोन करून विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

महिन्याच्या सेफ्टी मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं, मोठा अपघात वेळीच टाळला म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि त्या घेतल्या.