शून्य नंबरची डिस्क

हिंदी मुलखातल्या जानकीपुरमच्या मराठी मंडळात आत्माराम घाटगे यांना सगळे ‘फिटर’ म्हणत. अडतीस वर्षं कारखान्यात फिटर. निवृत्त झाले तरी मंडळाचा पंखा, नळ, पेटीचा भाता त्यांच्याकडेच येई. कुणी वस्तू टाकायला निघाला की त्यांचा एकच प्रश्न, ‘‘उघडून बघितलीस का?’’

त्या दिवशी पाळी त्यांच्याच वस्तूवर आली. मंडळाच्या नाटकात त्यांच्या बायकोनं, यमुनानं, थोरल्या जावेचं काम केलं होतं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तोंडाला रंग. त्या नाटकाचं चित्रण, अकरा जीबी, मंडळातल्या कॉम्प्युटरवर होतं आणि दुसरी प्रत नव्हती. कॉम्प्युटर उसना. दुपारी एकला मालक येणार, त्याआधी सगळं पुसून द्यायचं, असं सेक्रेटरी मधुसूदनराव कबूल करून बसले होते.

आत्मारामांनी बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह लावला. जागा दिसली दोनशे एमबी.

‘‘घाटगे, हा गेला,’’ मधुसूदनराव म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले.

‘‘गेला कुठे? समोर तर आहे.’’

आत्मारामांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. मागे लॅपटॉपमध्ये नवी सिस्टीम टाकायला त्यानंच हा ड्राइव्ह वापरला होता.

‘‘अरे चाचा, तभी उसमें हिस्से बन गए होंगे। नया ले लीजिए, कहाँ मेहनत करेंगे।’’

मेहनतीचं नाव निघाल्यावर आत्माराम नवा घेणार? ते मधुसूदनरावांना म्हणाले, ‘‘हिस्से म्हणजे वाटण्या. आमच्या चुलत्यांनी वाटण्या केल्या तेव्हा जमीन आटली नव्हती, नुसते बांध पडले होते. बांध काढू.’’

कॉम्प्युटरला द्यायचा एकेक हुकूम फोनवरून त्यांनी कागदावर उतरवून घेतला. शेवटी दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘क्लीन लिखने से पहले नंबर देख लीजिएगा, चाचा। गलत नंबर दिया तो पूरा कंप्यूटर साफ।’’

पडद्यावर दोन ओळी आल्या. डिस्क शून्य, डिस्क एक.

‘‘एक म्हणजे पहिली, म्हणजे कॉम्प्युटर,’’ मधुसूदनराव म्हणाले. ‘‘आपली दुसरी. दोन लिहा.’’

‘‘दोन आहे कुठे?’’

‘‘मग शून्य. शून्य म्हणजे रिकामी, सरळ आहे.’’

‘‘साहेब, पट्टीची पहिली रेघ शून्याची असते.’’

आत्मारामांनी पेन ड्राइव्ह उपटला. यादी पुन्हा मागवली. शून्य तेवढी राहिली. परत लावला, एक परत आली. हाच खेळ त्यांनी आणखी एकदा केला. ‘‘उठून जाते आणि परत येते, ती आपली,’’ म्हणाले, एक निवडली आणि क्लीन लिहिलं.

पापणी लवायच्या आत काम झालं. आत्मारामांनी कपाळाला हात लावला. ‘‘अरेरे! मी शून्य तर नाही ना लिहिलं?’’

‘‘घाटगे! मी गायलेली सतरा गाणी होती हो त्यात!’’ मधुसूदनराव खुर्चीत बसले.

आत्मारामांनी मनात दहा आकडे मोजले, अगदी सावकाश. मग म्हणाले, ‘‘आहेत. ती गेली अशी आशा लोकांनी ठेवू नये.’’

पुढचे हुकूम झाले. नवी एकसंध वाटणी आली, तिला यमुनाचं नाव दिलं. जागा दिसली एकोणतीस जीबी आणि वर थोडी.

‘‘दोन कुठे गेले?’’ आत्मारामांनी पुन्हा फोन केला.

‘‘कंपनी हज़ार से गिनती है, चाचा, कंप्यूटर एक हज़ार चौबीस से।’’

‘‘म्हणजे पट्ट्या दोन. मग बरोबर.’’

प्रत उतरायला पाऊण तास लागला. एकला दहा मिनिटं कमी होती. मधुसूदनराव पुसायला सरसावले.

‘‘हात काढा,’’ आत्माराम म्हणाले. त्यांनी पेन ड्राइव्हवरचं नाटक लावलं. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्ही ठिकाणी. शेवटी थोरली जाऊ कमरेच्या किल्ल्या वाजवत धाकटीला फैलावर घेत होती. आवाज खणखणीत. आत्मारामांनी ते जरा जास्तच वेळ तपासलं.

‘‘हं. पुसा.’’

मधुसूदनराव हलेनात. ‘‘घाटगे, जागा उरली असेल ना? म्हणजे, माझी गाणी…’’

‘‘जागा बक्कळ आहे. पण ड्राइव्ह तिच्या नावावर. तिलाच विचारा.’’

सेक्रेटरींनी फोन लावला. ‘‘वहिनी, एक विनंती होती…’’ सगळं ऐकून घेतल्यावर यमुना म्हणाली, ‘‘घाला की भावजी. फक्त माझ्या नाटकाच्या खाली.’’