वहीच्या मागच्या पानांवरची घरं

आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, असं ज्या माणसाने आमच्याच घरात राहून आम्हाला तोंडावर सांगितलं, त्या माणसाबद्दल मी आज चांगलं लिहायला बसलो आहे. माझ्या स्वभावाला हे शोभत नाही. पण चंपतरावाबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तरी मला जमणार नाही, आणि मी नाही लिहिलं तर त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

१९६१ साली तो नागपूरला वीज खात्यात मीटर रीडर म्हणून लागला. नरखेडच्या पुढे चार मैलांवर त्याचं गाव. घरी संत्र्याची बाग, म्हातारे आईवडील, बायको गोपिका आणि सहा महिन्यांची मुलगी पुष्पलता. मी त्याच खात्यात बिलांच्या टेबलावर. महाल भागात आमचं स्वतःचं घर, मागच्या अंगणात विहीर आणि विहिरीला लागून एक रिकामी खोली. 'दोन महिन्यांसाठी द्या आनंदराव,' तो म्हणाला, 'चांगल्या मोहल्ल्यात घर पाहिलं का बायको-पोरीले घेऊन येतो.' मी खोली दिली. ते दोन महिने चोवीस वर्षं चालले.

घर शोधावं तर मीटर रीडरने. बाकीच्यांना दिवाणखाना दाखवतात, पण मीटर असायचा जिन्याखाली नाहीतर मोरीच्या वर, त्यामुळे चंपतला घर आतूनच दिसे. कुठे ओल आहे, कुठली घरमालकीण भाडेकरणीवर डाफरते, कोणत्या खिडकीतून वारा येतो, सगळं त्याला माहीत. कोणत्या गल्लीला कधी जायचं हे लिहायला त्याची स्वतःची एक लांबट वही होती. ती तो मागून उलटी धरायचा आणि मागच्या पानांवर घरं लिहायचा. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ती वाचून दाखवायचा. 'धंतोली. दोन खोल्या, पुढं कडुनिंब. बालवाडी हाकेच्या अंतरावर.' वाचताना त्याचा चेहरा असा होई की घर मिळालंच, आता फक्त बैलगाडीतून सामान उतरवायचं बाकी आहे. मी चेष्टा करायचो. 'चंपत, पडद्याचा रंग कोणता गा?' तर तो खरंच विचारात पडायचा.

घरं मिळत होती. अडत होतं ते पाण्यापाशी. चंपत गावाहून निघताना गोपिकाने एकच अट घातली होती : 'ज्या मोहल्ल्याच्या पाण्यात माह्या घरची डाळ शिजते, त्या मोहल्ल्यात मी येईन.' अट वावगी नव्हती. नागपुरात कित्येक विहिरींचं पाणी जड, त्यात डाळ दोन तास उकळली तरी दाणा तसाच. म्हणून चंपत महिन्यातून दोनदा, शनिवारी, पसंत पडलेल्या घरचं पाणी फिरकीच्या तांब्यात भरून गावी नेई. एसटीत तो तांब्या पायाशी ठेवत नसे, मांडीवर धरत असे. गोपिका त्यात मूठभर डाळ शिजत घाली आणि सोमवारी सकाळी चंपत रिकामा तांब्या घेऊन परत येई. 'नाही शिजली.' मग वहीतलं ते घर तो एका रेघेने कापत असे. धंतोली कापली, धरमपेठ कापली, सक्करदरा कापला.

आमच्या विहिरीचं पाणी पहिल्याच महिन्यात गेलं होतं आणि नापास होऊन आलं होतं. आमची ही, म्हणजे इंदुताई, तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. माझ्या सासूने याच पाण्यात सात लग्नांचं वरण रांधलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिली. मी तीन वर्षं गप्प बसलो. गप्प म्हणजे, रोज बोललो पण उठून काही केलं नाही. शेवटी चौसष्टच्या जानेवारीत आमच्या विहिरीचं पाणी मी स्वतःच्या हाताने भरलं आणि चंपतला म्हणालो, 'चाल. मी डोळ्यानं पाहतो काहून नाही शिजत ते.'

रविवारी सकाळी त्याची बाग पाहिली आणि मला वाईट वाटलं. झाडांची पानं कोमेजून लोंबत होती, खालची जमीन भेगाळली होती, आणि दहा पावलांवर विहीर भरलेली होती. मी ओरडलो, 'चंपत, अरे बाग मरून राहिली तुमची! पाणी देत नाही का कोणी?'

मागून एक बाई मोठ्याने हसली. कासोटा घट्ट खोचलेला, हातात फावडं. ही गोपिका. 'मरून नाही राहिली, भाऊजी. ताणावर हाये. पाणी मी तोडलं. तहान लागल्याबिगर संत्रा फुलत नाही.' मग तिने एक पान माझ्या हातात दिलं, बोटाने चुरगाळायला लावलं. 'अजून चार दिवस. एक दिवस जास्त झाला तर झाड जाते, एक दिवस कमी झाला तर बहार जाते.' चंपत शेजारी पाहुण्यासारखा उभा होता. बाग त्याच्या बापाची खरी, पण तिच्यातलं काही त्याला कळत नव्हतं आणि ते त्याला मान्यही होतं. ही कलमं लग्नानंतर गोपिकाने आपल्या हातांनी लावली होती. ती झाडांतून चालत पुढे गेली तेव्हा चंपत तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होता, तशी नजर मी तो वहीतली घरं वाचताना पाहिली होती.

दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसलो. चंपत आईला घेऊन देवळात गेला होता. चुलीवर दोन भांडी, एकात गावच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात आमचं. गोपिकाने पहिल्या भांड्यासाठी मोठ्या डब्यातली डाळ घेतली, पिवळीधमक. दुसऱ्यासाठी तिने फळीवरचं एक छोटं गाडगं खाली उतरवलं. त्यातली डाळ काळपट होती, दाण्यांना भुंग्यांनी भोकं पाडली होती. दोन-तीन वर्षांची जुनी डाळ. ती गंगेच्या पाण्यातही शिजली नसती.

माझं डोकं तापलं. 'बाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?'

तिचा हात थांबला. गाडगं तिने लपवलं नाही. 'तुमच्या विहिरीले मी नावं ठेवली भाऊजी, मले माफ करा,' ती म्हणाली. 'मले नाही यायचं. सासू-सासरे जा म्हणते, गाव जा म्हणते. मी तिथं एका खोलीत काय करू? चूल पेटवीन अन् विझवीन? अठी मले झाडं ओळखते.'

'मंग तसं सांगा ना त्याले सरळ.'

'नवऱ्याले मी येत नाही असं कसं म्हणू? एकदा म्हटलं का ते खरं होऊन जाते. अन् तुमच्या मित्राचं तोंड पाह्यलं का तुम्ही, तांब्या उतरवताना?'

पाहिलं होतं. म्हणून तर राग येत होता. चंपत परत आला, त्याने आमच्या पाण्याच्या भांड्यात पळी घातली, तळाचा टणक दाणा बोटाने दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मी फार थोड्या वेळा जीभ आवरली आहे. 'खरं हाये गा,' मी म्हणालो, 'आमचं पाणीच जड.' इंदुताईने हे ऐकलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

सोमवारी पहाटेच्या एसटीत काटोल येईपर्यंत चंपत तांब्या मांडीवर घेऊन बसला होता. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, 'आनंदराव, तुम्ही माह्यासाठी खोटं बोलले.'

मी दचकलो.

'मी शेतकऱ्याचं पोर होय. जुनी डाळ ओळखत नाही काय मी?'

'मंग तीन वर्षं हे पाणी कायले वाहून राहिला, मूर्खा?'

त्याने मांडीवरचा रिकामा तांब्या उगाच पुसला. 'मी पाणी नेतो तोवर तिले नाही म्हणावं लागत नाही. ज्या शनिवारी नेणार नाही, त्या शनिवारी तिले सांगा लागेल. मले ते ऐकायचं नाही. असं निदान घर पाहणं तरी चालू राहते.'

त्यानंतर मी त्याला पडद्यांचा रंग कधी विचारला नाही.

पाणी जात राहिलं, डाळ कच्ची राहत गेली. मागची पानं मात्र बदलत होती. आधी 'बालवाडी जवळ' लिहिणारा चंपत पुढे 'मुलींची शाळा, रस्ता ओलांडावा लागत नाही' लिहू लागला. मग 'रामदासपेठ, कॉलेजला पायी जाता येते.' पुष्पलता तिकडे गावातच शिकली, पुढे नरखेडच्या हायस्कुलात एसटीने गेली. तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी पान होतं : 'हनुमाननगर. जावई आले तर बाहेरची खोली वेगळी.' ब्याऐंशीत तिचं लग्न झालं, गावच्या मांडवात. बापाने तिच्यासाठी निवडलेल्या एकाही घरात ती एक रात्र राहिली नाही. लग्नाच्या खरेदीला गोपिका नागपुरात इतवारीच्या बाजारात आली होती, पण संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्या रात्री चंपत जेवला नाही. मी हाक मारली तर म्हणाला, 'गाडीत बसवताना तिनं विचारलं, आंघोळीले पाणी तापवून भेटते का तुम्हाले?' एवढंच. मग दार लावून घेतलं.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये चंपतचे गुडघे गेले. जिने चढवेनात, म्हणून त्याने मुदतीआधी नोकरी सोडली. त्याला न्यायला गोपिका आली. केस पांढरे झालेले, चाल तीच. निरोपाचा हारतुरा आटोपल्यावर ती चंपतला म्हणाली, 'ती वही आणा तुमची. घरं दाखवा मले.'

त्या दोघांना सायकलरिक्षात बसवलं आणि मी मागून माझ्या सायकलीवर निघालो, त्या वयात. धंतोलीतलं कडुनिंबाचं घर होतं, पण कडुनिंब नव्हता. धरमपेठेतलं घर पाडून तिथे फ्लॅट बांधणं सुरू होतं. रामदासपेठेत दवाखाना झाला होता. चंपत ओशाळून म्हणाला, 'इथं होतं. आता काय दिसते म्हणा.' पण गोपिका प्रत्येक ठिकाणी रिक्षा थांबवायला लावून उतरायची.

सक्करदऱ्याचं घर मात्र जसंच्या तसं होतं. फाटकापाशी उभी राहून तिने विचारलं, 'इथं चूल कुठं राहिली असती?'

'पूर्वेच्या खिडकीखाली,' चंपतने तिथल्या तिथे सांगितलं. 'धूर मागं गेला असता. अन् त्या भिंतीपाशी थोडी मोकळी जागा हाये. दोन संत्र्याचे झाडं बसले असते. मी मोजून पाह्यलं होतं.'

गोपिका त्या भिंतीकडे पाहत राहिली. रिक्षावाला घंटी वाजवायला लागला, त्याला मी गप्प केलं.

घरी आल्यावर ती सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली. पदराची गाठ सोडली, त्यात मूठभर डाळ होती, पिवळीधमक. आमच्या विहिरीचं पाणी तिने स्वतः शेंदून आणलं. इंदुताई कुकर काढायला लागली तर म्हणाली, 'कुकर नको, वैनी. उघडं पातेलं द्या.' अर्ध्या तासात डाळ मेणासारखी झाली. इंदुताई विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होती. मी मान वर केली नाही.

चंपतच्या ताटात गोपिकाने वरण वाढलं. त्याने एक दाणा बोटाने दाबून पाहिला, सवयीने. मग आमच्याकडे पाहून मोठ्याने म्हणाला, 'पाणी सुधारलं वाटते यंदा.'

चोवीस वर्षं त्याने तिला बोलायची वेळ येऊ दिली नव्हती, आताही येऊ देत नव्हता.

'पाणी तेच हाये,' गोपिका म्हणाली. 'डाळ नवी हाये.'

इंदुताईच्या हातातली पळी तशीच राहिली. चंपतने भात कालवला, बराच वेळ कालवत राहिला. 'मंग अजून वाढ,' तो म्हणाला. आणि जेवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात खरकटा म्हणून पुसता येत नव्हतं, तो तसाच जेवत होता. तिने पदराने पुसलं, आमच्या दोघांच्या देखत. मी पाणी प्यायच्या निमित्ताने विहिरीवर गेलो आणि तिथे उभा राहून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

संध्याकाळच्या गाडीला निघताना गोपिकाने फिरकीचा तांब्या आमच्या विहिरीवर काठोकाठ भरून घेतला.

'आता कायले वं?' चंपतने विचारलं.

'उद्या घरी याच पाण्यात नवी डाळ लावीन,' ती म्हणाली.

एसटीत तिने तो तांब्या मांडीवर धरला. वही चंपतच्या खिशात होती. मागची खोली मी पुन्हा भाड्याने दिली नाही. इंदुताई तिथे आता कांदे ठेवते.