ढोल खाली ठेवेपर्यंत

चांगदेव कोतवालाला नाटकात काम मिळालं, ही बातमी त्याच्या बायकोला, गुणाबाईला, मासळीवालीकडून कळली. तिनं सुरी बाजूला ठेवून एवढंच विचारलं, की पगारी रजा देतात की ड्युटी संपवून नाचायचं. मासळीवालीला ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चांगदेव घरी आला, तेव्हा गुणाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाकी सगळं करून झालंच हाय तुमचं. येवढंच राहिलं होतं."

त्यात खोटं काही नव्हतं. पूर्ण्याच्या गोदामांची रांग ओलांडून खाडीकडे वळलं की जे गाव लागतं, तिथला चांगदेव हा सरकारचा सर्वात खालचा माणूस. त्यामुळे सरकारच्या हातून जे जे निसटेल ते थेट त्याच्या डोक्यावर येऊन पडे. नोटीस पोचवायची, चांगदेव. खाडीत बेवारस प्रेत लागलं, उजाडेपर्यंत राखायला चांगदेव. जमीन मोजायला साहेब आले की फितीचं चिखलातलं टोक चांगदेवाकडे, कोरडं टोक साहेबाच्या माणसाकडे. निवडणुकीची पेटी, साथीचं औषध, पकडलेला वाळूचा डंपर, महामार्गावर बसलेला बैल, सगळं तोच. तुझं काम नेमकं काय रे, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "जे कुनाचंच न्हाय ते माझं." मध्यंतरी सरकारनं कोतवाल हे नाव बदलून 'महसूल सेवक' केलं. जुन्या नावाची कामं तशीच राहिली आणि नव्या नावाची म्हणून आणखी दोन-चार आली.

या सगळ्या ढिगाऱ्यात त्याचं स्वतःचं असं एकच काम होतं, दवंडी. गळ्यात ढोल अडकवून गावातून फिरायचं आणि सरकारचा शब्द सांगायचा. आवाज त्याच्या बापाचा होता, ढोलही बापाचाच. पण तलाठी रुचिका मॅडम आल्या आणि त्यांनी 'आपलं गाव, आपला महसूल' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आता सरकारचा शब्द तिथं येई. गाव त्याला अंगठा दाखवी, हात जोडी, कुणी गुलाबाचं फूल टाकी, आणि पुढं काही होत नसे. दर मंगळवारी मॅडम चावडीवर वारस नोंदीचं शिबिर लावून बसत. मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावरून काढा आणि जिवंतांची लावा, एवढंच काम. पण चावडीत मॅडम, चांगदेव आणि पंखा याशिवाय कुणी नसे. तालुक्यानं मॅडमकडून खुलासा मागितला होता. ढोल मात्र चांगदेवाच्या घरात, तांदळाच्या पिंपावर उपडा पडून होता.

अशात महसूल दिन आला. तालुक्याच्या ऑफिसातला विपुल क्लार्क कॉलेजात एकांकिका करायचा, ते त्याच्या अंगात अजून होतं. त्यानं खात्यावरच नाटक लिहिलं. इंग्रजांच्या काळचं मुलकी खातं हेच त्यातलं मुख्य पात्र, आणि ते स्वतः विपुल. पडदा उघडतो तेव्हा खात्याच्या खांद्यावर एकच गोणी असते, शेतसाऱ्याची. मग एकेक जण येतो आणि आणखी एक गोणी चढवून जातो. मोजणी. मीठ. दारू. जंगल. दुष्काळ. प्लेग. खातं वाकतं, रांगतं, आडवं पडतं. दुसऱ्या अंकात नवीन खाती येतात. वनखातं जंगलाची गोणी उचलून नेतं, कुणी दारूची नेतं. खातं उठतं, आळस देतं, म्हणतं, आता सुखाचे दिवस. तेवढ्यात विंगेतून निवडणुकीची गोणी येऊन पाठीत बसते. तिच्यामागून जनगणना, तिच्यामागून रेशन, तिच्यामागून पूर.

चांगदेवाला हे फार पटलं. तालमीत त्यानं फक्त एकच शंका काढली. ह्या गोण्या विंगेतून कोण फेकतो? विपुल म्हणाला, तूच, दुसरं कोण आहे मोकळं.

पण त्याचं खरं काम दवंडीचं होतं. जुन्या काळी गोरा साहेब घोड्यावरून तालुका फिरायला निघाला की गावात आधी दवंडी जायची, तीच विपुलनं लिहिली होती. हे काम मिळालं म्हणून चांगदेव दोन दिवस जमिनीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी विपुलनं सहज सांगितलं, की नाटक संपलं की ढोल इथंच राहू दे, काचेचं कपाट करून घेतलंय, लेबलही छापून झालंय: 'दवंडीचा ढोल. पूर्वी वापरात.'

घरी येऊन चांगदेवानं पिंपावरचा ढोल खाली घेतला, पुसला, आणि मांडीवर घेऊन बसला. गुणाबाईनं विचारलं, आता काय झालं. तो म्हणाला, "एकदा वाजणार हाय. मग काचंत."

एकदाच, तर निदान चोख तरी व्हायला हवं. पण तालुक्याच्या सभागृहात त्याला ओळी आठवेनात. खुर्चीत बसवलं की तो मुका. शेवटी त्यानंच सांगितलं, की आपली दवंडी पायात असते, गल्ली बदलली की पुढचं वाक्य येतं. विपुल वैतागून म्हणाला, मग गल्लीत जाऊन पाठ कर ना बाबा.

चांगदेवानं हा हुकूम मानला. सोमवारी दिवेलागणीला ढोल गळ्यात घातला आणि मारुतीच्या देवळापासून निघाला.

"ऐका हो ऐका! उद्या सकाळी साहेबांचा मुक्काम आपल्या गावात हाय. ज्याच्याकडं गाडी हाय, त्यानं गाडी चावडीवर आणून लावावी. गवत, दूध, लाकूड, कोंबडी, ज्याच्या घरी जे असंल ते हजर करावं. जो येनार न्हाय, त्याच्या जमिनीची मोजनी होईल हो!"

देवळापाशी पहिलं वाक्य आलं, पिठाच्या गिरणीपाशी दुसरं, आणि गोदामांच्या वळणावर 'मोजनी' हा शब्द असा सुटला, की पत्र्यांवरून परत आला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या गावात दवंडीवाल्याला नियम आहे. ढोल गळ्यात आहे तोवर दवंडीशिवाय एक शब्द बोलायचा नाही. चावडीवर ढोल खाली ठेवला, की मग काय ते विचारा. हा नियम चांगदेवाच्या बापामुळे पडला. देवीची लस टोचायला माणसं येणार होती, बाप दवंडी देत होता, आणि मधेच एका म्हातारीनं विचारलं, दुखतं काय रे? बाप भला माणूस. तो म्हणाला, थोडं. दुसऱ्या दिवशी लस आली तेव्हा गावात फक्त कुत्री होती, बाकी सगळं गाव खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभं. तेव्हापासून दवंडीवाला मध्येच थांबत नाही आणि उत्तर देत नाही. कुणी विचारलंच, तर ढोल वाजवतो.

त्यामुळे केसरीनाथ हाफ चड्डीवर धावत आला, तेव्हा चांगदेवाला बोलता येईना. केसरीनाथाची तीन गोदामं. कागदावर ती जेवढी होती त्यापेक्षा जमिनीवर बरीच मोठी, आणि दर पावसाळ्यानंतर रस्त्याच्या बाजूला थोडी वाढलेली. त्यानं विचारलं, कुठला साहेब? चांगदेवानं ढोल वाजवला. मोजणी सगळ्यांची, का फक्त रस्त्याकडेच्यांची? चांगदेवानं ढोल वाजवला. केसरीनाथ चांगदेवाच्या कानाशी येऊन म्हणाला, "कोंबडी गावठीच लागंल ना साहेबाला?" आणि ढोल वाजायच्या आत घराकडे पळाला.

चांगदेवाला कौतुकच वाटलं. इतक्या दिवसांनी कुणी दवंडीला दारापर्यंत आलं होतं. चावडीवर ढोल खाली ठेवून तो सांगायला उभा राहिला, की बाबांनो, हे नाटकाचं आहे. पण ऐकायला कुणीच नव्हतं. सगळे आपापल्या घरी तयारीला लागले होते. तेवढ्यात फोन आला, की काल्हेरला वाळूचा डंपर पकडलाय, राखायला ये. ढोल चावडीतच ठेवून चांगदेव तसाच गेला. डंपरच्या केबिनमध्ये झोपला आणि झोपेत त्याची दवंडी अडखळली नाही.

सकाळी परतला तर रिक्षावाल्यानं त्याला गावाच्या अलीकडेच उतरवलं. पुढं रस्ताच नव्हता. छोटा टेम्पो, मोठा टेम्पो, आयशर, कंटेनर, मधे एक स्कूल बस, चावडीपासून थेट महामार्गापर्यंत गाड्यांची शेपटी. दूध आलं होतं, पिशव्यांचे क्रेटच्या क्रेट. लाकूड म्हणून गोदामांतली मोडकी पॅलेट्स रचली होती. गवत गावात उगवायचं कधीच थांबलं होतं. मग केसरीनाथानं गोदामातून प्लास्टिकच्या हिरव्या लॉनचा गुंडाळा आणून चावडीपुढं अंथरला होता आणि वर चपला काढून या म्हणून सांगत होता. कोंबड्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. त्यातली तुरेवाली एक चांगदेवानं ओळखली. ती त्याच्या घरची होती, आणि तिचे पाय धरून गुणाबाई पहिल्या रांगेत उभी होती.

"अगं, तू पन?"

"मग? आपली वट्याची भिंत हातभर बाहेर हाय. मोजनीत गेली तर?"

एवढ्यात रुचिका मॅडम दोन टेम्पोंच्या फटीतून स्कूटी ओढत आल्या. केसरीनाथ पुढं झाला आणि अदबीनं म्हणाला, की आदेशाप्रमाणे गाडी हजर आहे, साहेब कुठवर आले? मॅडमनी मोबाईल काढून ग्रुप पाहिला. तिथं कसलाच आदेश नव्हता. मग त्यांनी चांगदेवाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं, कारण नाटकात घोड्यावरचा साहेब त्याच होत्या.

"चांगदेवकाका," त्या हळूच म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा यांना. मी सांगितलं तर माझी बदली होईल."

चांगदेव चावडीत गेला. कोपऱ्यात ढोल होता. नाटक होतं म्हणून सांगावं, तर बापाचा ढोल खोटा बोलला असं होणार, आणि खोटा बोललेला ढोल काचेतच बरा. गप्प राहावं, तर हे लोक कोंबड्या धरून उद्यापर्यंत उभे राहतील. ढोलानं केलेला घोळ ढोलानंच निस्तरावा, म्हणून त्यानं तो गळ्यात घातला. खुर्चीत असता तर सुचलं नसतं. चार पावलं चालला, हिरव्या लॉनवर पाय पडला, आणि वाक्य आलं.

"ऐका हो ऐका! कालची दवंडी नाटकाची होती हो. साहेबाचा मुक्काम न्हाय. मोजनी न्हाय!"

कुठूनतरी एक हुश्श निघालं आणि शेपटीच्या टोकापर्यंत गेलं. पण त्याच्यामागून शिव्याही निघणार हे चांगदेवाला ठाऊक होतं. त्यानं श्वास घेतला नाही. तसाच पुढं चालत म्हणाला, "आज मंगळवार हाय. मॅडम बसल्यात. आलाच हायसा, तर आपापली मेलेली मान्सं उतरवून जा हो!"

केसरीनाथानं तोंड उघडलं. "म्हंजे आमी ह्या कोंबड्या..." चांगदेवानं ढोल वाजवला. "अरे पन..." चांगदेवानं ढोल वाजवला.

मोजणी टळल्याचा आनंद माणसाला फार मऊ करतो. आधी गुणाबाई गेली, कोंबडी काखेत धरून, सासऱ्याचं नाव उतरवायला. तिच्यामागं केसरीनाथ. त्याचा आजा सातबाऱ्यावर इतका जुना झाला होता, की मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं, हे खरंच गेलेत ना. दुपारपर्यंत चावडीत पंखाही फिरायला जागा उरली नाही. दुधाचा चहा झाला. पॅलेट्स चुलीला लागली. कोंबड्यांचं काय झालं ते लिहायला नको, पण तुरेवाली घरी परत गेली.

महसूल दिनाला नाटक झालं. चांगदेव सभागृहाच्या चारी कडांनी चालत दवंडी देत गेला, आणि 'मोजनी' म्हणताच प्रेक्षकांत पाहुणे म्हणून बसलेला केसरीनाथ सवयीनं उभा राहिला. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. शेवटी विपुल कपाटाची किल्ली घेऊन आला, तेव्हा रुचिका मॅडम मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लेबलवर लिहिलंय 'पूर्वी वापरात', आणि ढोल तर मंगळवारच्या शिबिरासाठी वापरायचाय. विपुल म्हणाला, अहो, मग कपाटात काय ठेवू? आता त्या कपाटात हिरव्या प्लास्टिक लॉनचा एक तुकडा आहे, केसरीनाथाकडून सप्रेम भेट.

ढोल परत मिळाला आणि खात्याच्या रिवाजाप्रमाणे काम कमी न होता एक वाढलं. ग्रुप काही बंद झाला नाही. त्याचं वाचन होत नाही, एवढीच अडचण होती, आणि तिच्यावर मॅडमना आता उपाय सापडला होता. पुढच्या सोमवारी दिवेलागणीला चांगदेव देवळापासून निघाला.

"ऐका हो ऐका! मॅडमनी ग्रुपवर मेसेज टाकलाय, तो बघा हो!"

केसरीनाथ हाफ चड्डीवर दारात आला. त्याच्या हातातच मोबाईल होता. "चांगदेव, काय लिवलंय रे त्यात?"

चांगदेवानं ढोल वाजवला.