यिनमेईची आई मागून ओळ पुरवते

तेंगसाओ गावात शी च्यावलानला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. चीनमधल्या आम्हा तोंग लोकांत पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागं पडतं. ती यिनमेईची आई झाली, ती झालीच. यिनमेई दक्षिणेकडच्या कारखान्यात गेली त्याला चार वर्षं झाली, तरी तिचं नाव दिवसातून वीसदा आईच्या कानावर पडे. "यिनमेईच्या आई, नदीवर येतेस का?" "यिनमेईच्या आई, तुझी बदकं आमच्या खाचरात शिरलीत." दर वेळी तिचा हात क्षणभर थांबे. पोरगीच आली की काय असं वाटे, आणि मग ती बदकं हाकायला जाई.

तरुणपणी ती नाटकात गायची. आमच्या नाटकात पाठांतर कुणी करत नाही. रंगमंचाच्या मागच्या पडद्याला एक खिडकी असते, तिच्याआड गुरुजी वही घेऊन बसतात. समोर दोघं जण एक ओळ गातात, सारंग्या वाजू लागल्या की एकमेकांना ओलांडून, चालत चालत मागं पडद्यापाशी येतात, पुढची ओळ कानात घेतात आणि पुन्हा पुढं जाऊन गातात. सगळं नाटक त्या खिडकीतून येतं. च्यावलाननं वीस वर्षं वू गुरुजींकडून अशा ओळी घेतल्या. ती समोर गात असायची तेव्हा लहानगी यिनमेई मागं गुरुजींच्या मांडीवर झोपलेली असायची.

तीन वर्षांपूर्वी गुरुजी गेले. जाण्याआधी वही त्यांनी हिच्या हातात दिली. म्हणाले, "एक लक्षात ठेव. गाणाऱ्याला कधी अडू द्यायचं नाही." तेव्हापासून खिडकीआड ही बसते.

या वर्षी यिनमेई नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी आली. आठव्या दिवशी दुपारी तीनला पुलापासून तिची गाडी होती, पुढं आगगाडी. आगगाडी चुकली तर कारखान्यात तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसणार होती.

"पंधरवडा तरी राहायचं," आई रोज एकदा म्हणे.

"आई, तू हे रोज म्हणतेस."

"रोज म्हणायला तू रोज असतेस कुठं?"

मनगटं किती बारीक झाली होती तिची. जेवते की नाही, हे विचारलं की "जेवते" म्हणायची. फोनवरही तेच म्हणायची.

आठव्या दिवशी दुपारी नदीपलीकडच्या गावाचे पाहुणे नाटकाला आले आणि नेमकी त्याच सकाळी पुरुषाचं काम करणारी बाई पाय मुरगळून बसली. गावात तरुण राहिलेत किती? सगळे यिनमेईकडं बघू लागले.

"मला एक ओळ आठवत नाही," यिनमेई म्हणाली.

"कुणाला आठवते? मी आहे ना मागं," आई म्हणाली.

"पहिला प्रवेश अडीचला संपेल?"

"संपेल."

हे तिनं अगदी मनापासून सांगितलं होतं.

प्रवेश निरोपाचा होता. मीठ आणायला दूरदेशी निघालेला नवरा आणि त्याला पुलापर्यंत पोचवायला आलेली बायको. बायकोच्या कामात यिनमेईची चुलत बहीण दायान होती. चोवीस ओळींचा प्रवेश, त्यातल्या बारा यिनमेईच्या. सारंग्या सुरू झाल्या. पहिली ओळ घ्यायला यिनमेई खिडकीपाशी आली, आणि च्यावलान वहीत बघायचंच विसरली. हातभर अंतरावर लेकीचा चेहरा होता. पावडरीखाली डोळ्यांभोवतीचं काळं दिसत होतं. केसांना कसलासा शहरी वास होता. चार वर्षं हा चेहरा तिनं फोनच्या काचेत पाहिला होता, मधेच थिजणारा, मधेच तुकडे होणारा. आता तो कान पुढं करून उभा होता.

तिनं ओळ दिली. यिनमेई गेली, गायली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. अकरा वेळा आली. आता नवऱ्याची शेवटची ओळ राहिली होती. ती दिली की प्रवेश संपला, प्रवेश संपला की गाडी.

च्यावलाननं ती ओळ दिली नाही. दायानच्या कानात सांगितलं, "भात अजून उतरला नाही, जेवून तरी जा."

दायान गोंधळली, पण पुरवलेलं गायचं हा रिवाज. तिनं गायलं. मग च्यावलाननं लेकीच्या कानात सांगितलं, "जेवण होईस्तोवर थांबतो." यिनमेईनं एकदा आईकडं पाहिलं आणि पुढं जाऊन गायली. मग नदीला पाणी चढलं. मग डोंगरात धुकं उतरलं. मग पायातली वहाण तुटली, ती शिवेस्तोवर थांब. आणि दर वेळी यिनमेईच्या स्वच्छ, उंच गळ्यातून उत्तर येई: थांबतो, आणखी थोडा थांबतो. वहीत यातलं काही नव्हतं. खिडकीआड आई डोळे मिटून ऐकत होती.

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या आधी लक्षात आलं.

"मिठाचा व्यापारी आज घरजावईच होतोय वाटतं," एक म्हणाली.

"होऊ दे की. मीठ काय, दुकानात मिळतं," दुसरी म्हणाली.

सारंगी वाजवणारा शेंगचा बाप मागं वळून पुटपुटला, "यिनमेईच्या आई, हे वहीत आहे का?"

"तू वाजव."

"वाजवतो. माझं काय जातंय? तार तेवढी टिकली पाहिजे."

इतक्यात पुलाकडून गाडीचा भोंगा वाजला. दोनदा.

यिनमेई खिडकीपाशी आली. "बर्फ पडेल असं दिसतंय," आईनं सुरुवात केली. पण यिनमेईनं कान पुढं केलाच नाही. ती तशीच वळली, ठरल्या पावलांनी पुढं गेली, आणि कुणी न पुरवलेली ओळ तिनं गायली:

"वाट मला नेते आहे, चुलीतला विस्तव झाकून ठेव, आल्यावर त्याच विस्तवावर भात शिजवू."

शब्दाला शब्द तीच, वू गुरुजींची शेवटची ओळ. सारंग्यांनी ती उचलली, सगळ्यांनी मिळून शेवटचा हेल धरला आणि प्रवेश संपला. इतक्या वर्षांत मागून न घेता कुणी गायलेलं च्यावलाननं पाहिलं नव्हतं.

यिनमेई पावडर पुसत मागं आली. दोघी पुलाकडं निघाल्या. आईच्या हातात आंबवलेल्या माशांचा डबा होता.

"रागावलीस?" आईनं विचारलं.

"वहाण तुटली तेव्हा हसू येत होतं."

"ती ओळ कधी पाठ केलीस?"

"पाठ नाही केली. कारखान्यात दिवसभर हात चालतात, तोंड रिकामंच असतं. मग म्हणते सगळं, पहिल्या ओळीपासून. फक्त एका जागी अडते. धुक्यात तो दिसेनासा होतो, मग ती काय म्हणते? वू आजोबांना तिथं नेमका खोकला यायचा. मांडीवर डोकं हलायचं, ते आठवतं. ओळ नाही आठवत."

पाचव्या प्रवेशातली ओळ ती. च्यावलानच्या ओठांवर होती. मनात आलं, ही ठेवून घ्यावी. ये परत, मग सांगते. एवढ्याशा ओळीसाठी तरी येईल.

यिनमेई गाडीत बसली. डबा मांडीवर घेतला. चालकानं दार ओढलं.

आणि आईला दिसलं, यंत्रासमोर बसलेली तिची मुलगी, हात चालताहेत, आणि रोज त्याच जागी येऊन अडते आहे. पुढं सरकता येत नाही. शेजारी विचारायला कुणी नाही.

तिनं काचेवर टकटक केलं. काच खाली आली. ती वाकली आणि लेकीच्या कानात ओळ दिली: "पुलापाशी मी दिसले नाही, तर समज, भात चढवायला गेले."

गाडी निघाली. मागच्या काचेतून यिनमेईचे ओठ हलताना दिसत होते, एकदा, पुन्हा एकदा. वळणापर्यंत.

"यिनमेईच्या आई," रंगमंचाकडून शेंगचा बाप ओरडत होता, "पुढचा प्रवेश खोळंबलाय. त्यातल्या दोघी समोर नुसत्या उभ्या आहेत."

"आले," ती म्हणाली. आणि आणखी थोडा वेळ पुलावरच थांबली.