चाळीसचे ऐंशी

सुलेखाबाई मेश्राम नागपूरहून मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला मुलीकडे आल्या सहा महिन्यांसाठी, आणि दोन महिन्यांतच इतक्या कंटाळल्या की नेत्राच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसून, लेबलं लावून, पुन्हा पुसून झाले. अमेरिकेतला आराम त्यांना सोसेना. एकतीस वर्षं महानगरपालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवलेली, खो-खोच्या पोरी घडवलेली बाई. तिला सोफ्यावर बसवून "आई, जरा रिलॅक्स कर ना" म्हणायचं म्हणजे निव्वळ शिक्षा!

दोन हजार चारचा एप्रिल लागला, बर्फ वितळलं आणि घरासमोरच्या हायस्कूलच्या मैदानावर बेसबॉल सुरू झाला. सुलेखाबाईंनी बॅगेच्या तळातून आपलं स्टॉपवॉच काढलं, गळ्यात अडकवलं, साडीवर जावयाचं जाडजूड जॅकेट चढवलं आणि रस्ता ओलांडला. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पाय कळत होते.

जाळीमागे घडीच्या खुर्चीवर डॉयल नावाचे म्हातारे बसलेले असायचे. पोस्टातून रिटायर झालेले, आणि नोकरीत असल्यापासूनच एका मोठ्या प्रोफेशनल संघाचे स्काउट. दर जूनमध्ये हे संघ देशभरातल्या शाळा-कॉलेजांतून पोरं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी मैदानोमैदान हिंडून कोणात दम आहे ते हेरायचं, हे डॉयलांचं काम. त्यांच्याही गळ्यात स्टॉपवॉच होतं. एक पोरगा धावला, दोघांनी एकदम बटण दाबलं आणि आपापलं घड्याळ दुसऱ्याला दाखवलं. एका शतांशाचा फरक! डॉयलांनी लगेच शेजारची खुर्ची उघडून दिली.

मार्क द्यायची पद्धत त्यांनीच शिकवली. वीस ते ऐंशी. वीस म्हणजे घरी बस, पन्नास म्हणजे बरा, ऐंशी म्हणजे जन्मात एखादाच बघायला मिळतो.

"शून्य ते शंभर काहून नाही?" सुलेखाबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"पंचवीस वर्षं मीही हेच विचारतोय," डॉयल म्हणाले.

त्या मैदानावर बूड्रो आडनावाचा एक पोरगा होता. सुलेखाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा 'बुधराव' करून टाकला आणि त्यानंही तो निमूट मान्य केला. बुधराव कॅचर होता, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून बॉल झेलणारा. बाकीचे कॅचर पंगतीला बसल्यासारखे ऐसपैस बसायचे. हा चवड्यांवर, एक पाऊल किंचित पुढे. समोरच्या संघाचा गडी दुसऱ्या बेसकडे, म्हणजे पुढच्या ठाण्याकडे, चोरून पळाला की ताडकन उठून तिकडे बॉल फेकायचा. ते उठणं बघून सुलेखाबाईंच्या अंगावर काटा आला.

"नेत्रा, अगं, हा पोरगा बसलेला नसतोच! पाठीवर खो पडल्यासारखा उठतो!" घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरात उकिडवं बसून, उठून दाखवलं. नेत्रानं आधी गॅस बंद केला.

बॉल हातात आल्यापासून दुसऱ्या बेसला पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तरी उत्तम समजतात. बुधरावला लागत एक पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. डॉयलांनी दोनदा त्याचं नाव वर कळवलं होतं, पण उत्तर नाही. इथली थंडीतली पोरं वर्षाला जेमतेम वीस मॅचेस खेळतात. त्यांच्यासाठी इतक्या लांब येतो कोण?

हे ऐकून सुलेखाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या निवड समितीला चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, ही पोरगी घ्या, हिचे पाय बघा. यादी लागली की त्या वाचायला जायच्या आणि परत येऊन पोरीला "नाही" सांगायच्या. त्यांच्या चिठ्ठीतलं एक नाव, एक म्हणून नाव, कधी यादीत आलं नाही. ह्या पोराला निवडलेलं बघायचं आणि मगच विमानात बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. परतीचं तिकीट पंधरा जूनचं होतं.

मेच्या मध्यावर डॉयल जिन्यावरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यांनी बुधरावच्या मार्कांचा कोरा फॉर्म सुलेखाबाईंच्या हातात दिला. "तुम्ही भरा. नजर आहे तुम्हाला."

सुलेखाबाई परीक्षेला बसल्यासारख्या जाळीमागे बसल्या. फेक, साठ. झेल, पंचावन्न. सगळे आकडे जपून इंग्रजीत. तेवढ्यात बुधरावनं एक सणसणीत फटका हाणला आणि धावायला लागला. धावला कसला, सरकला!

"अरे पळ ना! भाजी आणायला निघालास का? चाळीस! चाळीसच्या वर एक मार्क नाही!" असं ओरडत त्यांनी 'धावणे'पुढे आकडा ठोकला. जावई बुद्धभूषणनं फॉर्म ऑफिसातून संघाला फॅक्स करून टाकला.

तिसऱ्या दिवशी डॉयल कुबड्या टेकत दारात हजर. "संघाचा सुपरवायझर उद्या येतोय, चार तास ड्राइव्ह करून! म्हणतो, ऐंशीनं धावणारा कॅचर आयुष्यात पाहिला नाही. तुम्ही ऐंशी लिहिलंत? त्या पोराला?"

सुलेखाबाईंनी फॉर्म बघितला. बाकी सगळं इंग्रजी, आणि धावण्यापुढे मात्र ठसठशीत आपला ४. रागाच्या भरात डोक्याकडे जरा मिटलेला, तेवढा इंग्रजी आठ व्हायला पुरेसा. त्यांनी डॉयलांना बोटानं हवेत काढून समजावलं. डॉयल इतके हसले की कुबडी निसटली आणि नेत्रानं धरलं म्हणून वाचले.

"आई, त्यांना फोन करून सांग. धिस इज चीटिंग," नेत्रा म्हणाली.

"चीटिंग कसली? मी चाळीसच लिहिलंय. त्याला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

"आल्यावर सांगू," डॉयल डोळे पुसत म्हणाले.

सुपरवायझर आला तो घाईतच. गाडीतून उतरताच त्यानं बुधरावला साठ यार्ड पळायला लावलं. बुधराव जीव तोडून पळाला. सुपरवायझरनं घड्याळ पाहिलं, झटकलं, कानाला लावलं. सात पूर्णांक तीन! इतक्या वेळात ऐंशीवाला पळून, पाणी पिऊन आला असता.

"कोणी लिहिलं हे?"

सुलेखाबाई पुढे झाल्या. वहीवर ४ काढला. "हे आमचे चार." शेजारी ८ काढला. "हे आमचे आठ." सुपरवायझर त्या दोन आकड्यांकडे असा बघत राहिला की जणू त्यांनीच त्याला चार तास गाडी चालवायला लावली होती. मग तो गाडीकडे वळला. सुलेखाबाई पदर खोचून गाडीच्या दारासमोर उभ्या राहिल्या, डॉयलही कुबड्या टेकत शेजारी आले.

"पळणं बघू नका. बसणं बघा. फक्त दहा मिनिटं!"

कुबड्यांवरच्या म्हाताऱ्याला आणि साडीवर जॅकेट घातलेल्या बाईला ढकलून कोण जाणार? त्यानं घड्याळ काढलं. बुधराव बसला, उठला आणि त्यानं बॉल फेकला. एक अठ्ठ्याऐंशी. पुन्हा. एक सत्त्याऐंशी! तिसऱ्या वेळी सुपरवायझरनं घड्याळ कानाला लावलं नाही. त्यानं डॉयलांची खुर्ची ओढून घेतली आणि संध्याकाळची अख्खी मॅच बसून पाहिली. जाताना फॅक्सचा कागद खिशात कोंबला आणि गाडी काढली.

सात जूनला ड्राफ्ट सुरू झाला. टीव्हीवर नाही, कॉम्प्युटरवर नुसता आवाज, शाळेत हजेरी घेतात तशी नावांमागून नावं. सुलेखाबाई दोन दिवस स्पीकरला कान लावून बसल्या. बुद्धभूषणच्या हातचं पिठलं करपलं, तेही मुकाट्यानं खाल्लं. दुसऱ्या दुपारी तेहतिसाव्या फेरीत आवाज म्हणाला, "बूड्रो, कॅचर, मॅसॅच्युसेट्स." सुलेखाबाई तशाच बसून; त्यांचे कान 'बुधराव' ऐकायला टेकलेले. नेत्रा खुर्चीवर चढून नाचायला लागली तेव्हा कुठे त्यांना समजलं.

"चल, गाडी काढ! त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे!"

बुधराव सुपरमार्केटमध्ये लोकांच्या पिशव्या भरायचं काम करायचा. सुलेखाबाई चपलांचा फटफट आवाज करत त्याच्या काउंटरपाशी गेल्या आणि तिथंच अडकल्या. पोरासमोर उभं राहून 'नाही' कसं सांगायचं, ते त्यांना एकतीस वर्षांत तोंडपाठ झालं होतं. 'हो' सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. डोळे भरून आले.

बुधरावनं त्यांचा चेहरा पाहिला. हातातली पिशवी खाली ठेवली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "इट्स ओके, मिसेस मेश्राम. डोन्ट क्राय. तुम्ही खूप ट्राय केलंत."

"नाही रे बाबा!" सुलेखाबाई अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा मराठीत ओरडल्या. "घेतलं! घेतलं तुला!"

बुधरावला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी तो "व्हॉट?" म्हणाला नाही. त्यानं एप्रन काढून फेकला आणि सुलेखाबाईंना साडी-जॅकेटसकट उचललं.