सासूबाईंची डेडस्टॉकची वही

माझ्या सासूबाई आगाशीजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होत्या. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं आणि प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, आहे की नाही हे तपासणं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन आमच्या विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि महिन्याभरात त्यांनी घराचंच डेडस्टॉक रजिस्टर सुरू केलं.

जाड पुठ्ठ्याची लांबट वही. त्यात फ्रिज, मिक्सर, लॅपटॉप, सगळ्यांना क्रमांक. दागिन्यांना मात्र प्रत्येकी एक पान. पांढऱ्या कागदावर दागिना ठेवायचा, शेजारी माझ्या मुलीच्या कंपासमधली पट्टी, आणि मला फोटो काढायला लावायचा. मग आगाशीच्या सराफाकडे जाऊन वजन करून घ्यायचं, त्याच्याकडून सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यायची आणि फोटोखाली चिकटवायची. ठुशीच्या पानावर लिहिलं होतं, ‘मागचा गोंडा बदललेला, डावीकडून चौथा मणी किंचित चेपलेला.’ घराचा विमा काढताना याच पानांच्या झेरॉक्स त्यांनी अर्जाला जोडायला लावल्या.

“आई, आपल्याकडे इन्स्पेक्शनला कोण येणार आहे?” माझा नवरा त्यांना चिडवायचा. मीही हसायचे. सुट्टीच्या दिवशी फोटो काढायचा मला कंटाळाच यायचा.

गेल्या वर्षी आम्ही सगळे कामणला एका साखरपुड्याला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर दाराचा कोयंडा तोडलेला. कपाटं उघडी, कपडे बाहेर फेकलेले, दागिन्यांचा डबा आणि लॅपटॉप गायब. वही मात्र जमिनीवर पडलेली होती, तिच्यावर चपलेचा ठसा. सासूबाईंनी ती उचलली, पदराने पुसली आणि खुर्चीत बसून राहिल्या.

पोलीस ठाण्यात नवरा एकटाच गेला. त्याने आठवेल तशी यादी सांगितली आणि तीच तक्रारीत गेली. सासूबाईंचं प्रेशर वाढलं होतं, म्हणून ती यादी आम्ही त्यांना दाखवली नाही.

काही दिवसांनी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. पन्नाशीचे, थकलेल्या आवाजाचे गृहस्थ. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “दागिन्यांची बिलं आहेत?”

“जुन्या दागिन्यांची कुठली असणार?” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी घरोघरी ऐकलेलं असणार.

सासूबाईंनी वही त्यांच्यासमोर ठेवली. ते आधी सवयीने चाळायला लागले, मग थांबले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. मग त्यांनी विचारलं, “मावशी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“नोकरीच ती होती,” सासूबाई म्हणाल्या. “एक थर्मामीटर फुटला तरी लेखी द्यावं लागायचं.”

एका हातात तक्रारीची प्रत धरून ते वहीशी ताडून पाहू लागले. ठुशी जुळली. बोरमाळ जुळली. मग त्यांनी वाचलं, “पाटल्या, एक जोड.” वहीत पान होतं, फोटो होता, सराफाची चिठ्ठी होती. त्यांनी टिक केली.

“पाटल्या काढा,” सासूबाई म्हणाल्या. “त्या चोरीला गेलेल्या नाहीत. वटारला माझ्या बहिणीकडे आहेत. भाचीला लग्नात घालायला दिल्या होत्या. वहीत लिहायचं राहिलं, चूक माझी.”

माझा नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. पाटल्या दिल्याचं आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. त्याने हळूच म्हटलं, “आई, तक्रारीत तर लिहून झालंय.”

“मग बदलून घे.”

सर्व्हेअरनी पेन खाली ठेवलं. “मावशी, तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं.”

“खरंय. पण मग बाकीची पानं तरी कुणी खरी का मानावीत?”

माझ्या लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. त्या वहीला मी मनातल्या मनात म्हातारपणाचा चाळा म्हणत आले होते. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. आमच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, साध्या सुती साडीत बसलेली ही बाई माझी सासू आहे, हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि सासूबाई पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब देऊन आले. हवालदारांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग वही मागून घेतली आणि ठुशीच्या पानाची झेरॉक्स काढून तपासाच्या कागदांना लावली. ठुशी अजून सापडलेली नाही. ती सासूबाईंच्या आईची होती.

दावा मंजूर झाला. लॅपटॉप जुना म्हणून त्याची किंमत कमी धरली, पण दागिन्यांच्या एकाही पानाबद्दल पुन्हा शंका विचारली गेली नाही. सर्व्हेअरचा स्वतःहून फोन आला तो फक्त सासूबाईंशी बोलायला. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

नवऱ्याने ही हकिकत ऑफिसात सांगितली, नातेवाइकांत सांगितली, सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितली. पाटल्या यादीत आपणच घातल्या होत्या आणि वर त्या तशाच राहू द्याव्यात असंही आपल्या मनात आलं होतं, हे तो कुठेही गाळत नाही.